डिप्रेशनसाठी चांगलं अ‍ॅप कुठलं? हे विचारायच्या आधी थोडं वाचा

"एखादं चांगलं मेंटल हेल्थचं अ‍ॅप सांग ना" असा मेसेज हल्ली दर थोड्या दिवसांनी कुणाचा तरी येतो, आणि उत्तर एका ओळीत देता येत नाही कारण अ‍ॅप या एका नावाखाली चार-पाच अगदी वेगवेगळ्या गोष्टी बसल्यात. कुठे पलीकडे खराखुरा डॉक्टर असतो, कुठे समुपदेशक, कुठे नुसते व्यायाम आणि प्रश्नावल्या, कुठे चॅटबॉट, आणि कुठे फक्त पावसाचा आवाज आणि दीर्घ श्वास घ्या असं सांगणारी बाई. सगळ्यांच्या स्क्रीनवर तेच हिरवं पान आणि तोच हसरा चेहरा. त्यामुळे आधी एकच बघायचं, यात पलीकडे माणूस आहे का, असेल तर तो नक्की कोण आहे आणि त्याला माझ्यासाठी काय करायची परवानगी आहे. हे कळलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

या सगळ्याची गरज का पडली ते पटकन सांगते. बंगळुरूच्या निम्हान्सने (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) २०१५-१६ मधे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (१२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता, हे आपल्याकडे आकडे देताना लोक विसरतात). त्यात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांमधे ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नाहीत. कारण काय, तर मानसोपचारतज्ज्ञ लाखामागे एक सुद्धा नाही, आणि जे आहेत ते शहरात. महाराष्ट्रात सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. आता गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या माणसाने दर महिन्याला रोजंदारी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन, एसटीने नागपूर गाठायचं आणि पाच मिनिटं डॉक्टरांना भेटून परत यायचं, हे किती महिने चालणार? आणि त्यात पुन्हा कुणी ओळखीचं दिसलं तर काय, ही धास्ती वेगळीच. फोनवरून उपचार ही कल्पना इथे खरंच कामाची आहे, मी तिच्या विरोधात अजिबात नाही.

सुरुवात सगळ्यात साध्या गोष्टीपासून करू, १४४१६. हा टेली मानसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा नंबर. २०२२ च्या केंद्रीय बजेटमधे याची घोषणा झाली, १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, सेवा सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे, वीस भाषांत आहे आणि त्यात मराठी आहे. फोन लावला की आधी भाषा निवडायची, मग एक प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. तो तुमचं ऐकून घेतो, काही प्रश्न विचारतो, आणि बऱ्याच लोकांचं काम तिथेच होतं कारण त्यांना त्या रात्री कुणाशी तरी बोलायचंच असतं. त्याच्या पलीकडचं काही लागत असेल तर तो पुढच्या पातळीवर, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जोडून देतो, किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवतो. पहिला फोन घेणारा माणूस औषध लिहून देत नाही, हे माहीत नसल्यामुळे काही लोक "नुसतंच बोलले, गोळी दिली नाही" म्हणून नाराज होऊन फोन ठेवतात. गोळी हवीये की नाही हे ठरवणारा पुढच्या पायरीवर आहे, तिथपर्यंत जा. घरातल्या दुसऱ्या कुणाबद्दल काळजी वाटत असेल तरी फोन करता येतो, आणि साध्या बटणाच्या फोनवरून लागतो, म्हणून गावाकडच्या आजीसाठी कुठल्याही अ‍ॅपपेक्षा मला हाच जास्त भरवशाचा वाटतो. २०२४ मधे टेली मानसचं अ‍ॅप आणि व्हिडिओवर बोलायची सोय पण आली.

दुसरा प्रकार व्हिडिओवर थेट मानसोपचारतज्ज्ञ. लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, २५ मार्च २०२०, केंद्राने टेलीमेडिसिनचे नियम जाहीर केले, त्याआधी हे सगळं अर्धवट अंधारात चालायचं. नियमानुसार नोंदणी असलेला डॉक्टरच औषध लिहू शकतो आणि प्रिस्क्रिप्शनवर त्याचा नोंदणी क्रमांक असायला हवा. औषधांच्या याद्या केल्यात, काही औषधं पहिल्याच भेटीत देता येतात, काही आधी व्हिडिओवर बघूनच, आणि शेड्यूल एक्स नावाच्या कडक नियंत्रणाच्या यादीतली तर अशी लिहिताच येत नाहीत. त्यामुळे झोपेची किंवा सवय लागणारी एखादी गोळी डॉक्टरांनी ऑनलाइन दिली नाही तर चिडू नका. उलट कुठलं अ‍ॅप अशा गोळ्या दोन मिनिटांत घरपोच देत असेल तर तिथून निघा.

इथे एक घोळ नेहमी होतो तो म्हणजे नावांचा. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर, एमबीबीएस झाल्यावर एमडी, डीपीएम किंवा डीएनबी केलेला, औषध तोच देणार, आणि त्याची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, तो थेरपी देतो, तपासणीच्या टेस्ट घेतो, औषध नाही. आणि कौन्सेलर, थेरपिस्ट, हीलर, कोच... इथे चार वर्षं शिकलेला उत्तम माणूस पण असतो आणि वीकएंडचा कोर्स केलेला पण, आणि अ‍ॅपवर दोघांचे फोटो सारखेच छान दिसतात. तेव्हा लाजायचं नाही, सरळ शिक्षण आणि नोंदणी विचारायची. चांगला माणूस राग धरत नाही, लगेच सांगतो.

व्हिडिओवर काय होत नाही ते पण सांगायला हवं. बायपोलर म्हणजे मूड कधी फार चढतो (त्याला मेनिया म्हणतात) तर कधी फार पडतो तो आजार, त्यासाठी लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड ठराविक काळाने तपासावंच लागतं, कारण लिथियमचा योग्य डोस आणि विषारी डोस यात अंतर फार कमी असतं. स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन चालू असेल तर पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. हातापायांचा ताठरपणा, कंप, चालण्यातला फरक हे छातीपर्यंतच्या फ्रेममधे दिसत नाही. म्हणून पहिली भेट आणि अधूनमधून एखादी भेट प्रत्यक्ष, आणि मधल्या व्हिडिओवर, असं बरेच डॉक्टर करतात आणि ते बरोबर आहे असं मला वाटतं.

आणि एक अडचण जिच्याबद्दल कुठल्याच जाहिरातीत काही नसतं, ती म्हणजे बोलायचं कुठे बसून? वन रूम किचनमधे पाच माणसं, सासू टीव्हीसमोर, मुलं अभ्यासाला, आणि ह्या बाईने डॉक्टरांना सांगायचं की मला सासरी जीव घुसमटल्यासारखं होतं. कशी सांगेल? ती "हो, बरं आहे, झोप येते" एवढंच म्हणणार आणि डॉक्टर लिहिणार की सुधारणा आहे. लोक मग गच्चीवर जातात, पार्किंगमधल्या गाडीत बसतात, देवळाच्या मागे जातात, ऑफिसच्या जिन्यात उभे राहून थेरपी घेतात. यावर थोडे उपाय आहेत. हेडफोन लावले की निदान समोरच्याचं बोलणं बाकीच्यांना ऐकू जात नाही. सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगून ठेवायचं की मी एकटी नाहीये, तुम्ही हो-नाही मधे उत्तर येईल असे प्रश्न विचारा, किंवा मी चॅटमधे टाइप करते. मारहाण होत असेल तर हे फार महत्त्वाचं आहे, आणि फोन नवऱ्याच्या हातात असतो तिथे अ‍ॅपवरचे मेसेज, कॉल लिस्ट, नोटिफिकेशन सगळंच त्याला दिसू शकतं हे लक्षात ठेवून चालावं लागतं. अशा घरात सरकारी दवाखान्यात "पाठ दुखते" सांगून गेलेली बाई जास्त मोकळं बोलू शकते, खरं सांगायचं तर.

आता स्वतःच करायच्या व्यायामांची अ‍ॅप. यातली बरीचशी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) नावाच्या पद्धतीवर उभी असतात, जी अमेरिकेत अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडली. सोपं करून सांगते. साहेबांचा मेसेज येतो "उद्या सकाळी केबिनमधे भेट". डोक्यात लगेच येतं की गेली नोकरी, मग पोटात गोळा, रात्रभर झोप नाही, सकाळी अंग मोडून आल्यामुळे सुट्टी टाकली, आणि आता साहेब खरंच वैतागले. मेसेज आणि भीती याच्या मधे एक विचार बसलेला होता, तो पकडायचा, लिहून काढायचा, त्याच्या बाजूने काय पुरावा आणि विरुद्ध काय ते बघायचं, हेच अ‍ॅप तुमच्याकडून करून घेतं. दुसरी एक पद्धत त्याहून साधी आहे, मूड येईल तेव्हा करीन असं म्हणत न बसता आधी छोटी कामं ठरवून करायची, अंघोळ, कोपऱ्यापर्यंत चालणं, एका मैत्रिणीला फोन, आणि मूड मागून येतो. गोव्यात संगथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तत्त्वावर काम केलं, डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी सहा ते आठ भेटींत हे शिकवलं आणि गंभीर डिप्रेशनच्या लोकांना सुद्धा फायदा झाला, तो अभ्यास २०१७ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे तंत्र अवघड नाही, शिकता येतं, शिकवता येतं.

मग अ‍ॅपमधून शिकता येत नाही का? येतं. सौम्य डिप्रेशन असेल तर एकट्याने केलेला ऑनलाइन कोर्स आणि माणसाच्या मदतीने केलेला कोर्स यात फारसा फरक पडत नाही, पण आजार मध्यम किंवा जास्त असेल तर माणसाची सोबत असलेला कोर्स सरस ठरतो, हे २०२१ मधे बऱ्याच चाचण्या एकत्र करून केलेल्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं. आणि एक आकडा मला फार बोलका वाटतो. २०१९ मधे ९३ मेंटल हेल्थ अ‍ॅपचा खरा वापर मोजला गेला, लोक काय सांगतात ते नाही तर फोनवर प्रत्यक्ष किती उघडलं ते, तर तीस दिवसांनी अ‍ॅप उघडणारे जेमतेम ३.३ टक्के उरले होते. म्हणजे शंभरातले तीन. लोक याला आळस म्हणतात आणि पेशंट पण स्वतःला तेच म्हणतो, पण बघा ना, डिप्रेशनमधे नेमकी जी गोष्ट जाते ती काही सुरू करायची ताकद, आणि अ‍ॅपची पहिली अट हीच की रोज आपणहून उघडा. पलीकडे आठवड्यातून एकदा दहा मिनिटं कुणी विचारणारं असेल, "काय, जमलं का?", तर तेच अ‍ॅप चालतं. दहावीचं गाईड घरात असून उपयोग नाही, क्लासला सरांनी वही तपासली की मग ते उघडतं, तसंच. जर्मनीत २०२० पासून तपासून मान्य केलेली अ‍ॅप डॉक्टर प्रिस्क्रिप्शनवर लिहून देतात आणि त्याचे पैसे सरकारी विमा भरतो. आपल्याकडे तसं काही नाही, आपल्याकडे प्ले स्टोअरचे स्टार बघायचे.

प्रश्नावलीचं थोडक्यात. जवळजवळ प्रत्येक अ‍ॅप सुरुवातीला नऊ प्रश्न विचारतं, मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं वगैरे, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. त्याचं नाव पीएचक्यू-९. साधारण दहाच्या वर आला तर डॉक्टरांना दाखवा एवढाच त्याचा अर्थ, तुम्हाला डिप्रेशन आहेच असा नाही, कारण थायरॉइड कमी असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ खाली असेल तरी थकवा, झोप, भूक, लक्ष न लागणं यांचे मार्क मिळतातच. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करायच्या विचारांबद्दल असतो, तिथे शून्य सोडून काहीही उत्तर असेल तर एकूण बेरीज बघत बसू नका, माणसाशी बोला. रोज मूड नोंदवायची अ‍ॅप डॉक्टरांना आवडतात कारण महिन्याचा आलेख मिळतो, झोप कधी कमी व्हायला लागली ते दिसतं, आणि बायपोलरमधे झोप कमी होणं ही बऱ्याचदा पहिली घंटा असते. पण डेन्मार्कमधे बायपोलरच्या पेशंटवर अशीच चाचणी झाली, २०१५ मधे निकाल आला, त्यात रोज नोंद करून ठोस फायदा दिसला नाही आणि उदासीची लक्षणं उलट रेंगाळत असावीत अशी शंका आली. रोज उठून "आज मी किती वाईट आहे" हे मोजत राहिलं की असं होत असेल, नवल नाही. त्रास वाढतोय वाटलं तर नोंद बंद करा, डॉक्टरांना सांगा, त्यात काही चुकत नाही.

चॅटबॉटवर लोकांची मतं टोकाची असतात, माझं मधलं आहे. हे काही आजचं नाही, १९६६ मधे एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला होता, जो तुमचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा, तेवढ्यावर लोक त्याच्याशी मन मोकळं करायला लागले आणि ते बघून वायझेनबॉम स्वतःच अस्वस्थ झाले. पुढे वोबॉट आला, आपल्या बंगळुरूचा वायसा आला, यांची बरीचशी उत्तरं आधी तज्ज्ञांनी लिहून ठेवलेली. वोबॉट जून २०२५ मधे बंद झाला. आताचे एआय बॉट मात्र उत्तर जागच्या जागी तयार करतात, त्यामुळे बोलणं फार खरं वाटतं आणि धोका पण तिथेच. त्यांना तुम्हाला खूश ठेवायची सवय असते. मेनियाच्या चढत्या लाटेतला माणूस रात्री तीन वाजता लिहितो की मी नोकरी सोडतोय, घर गहाण टाकून धंदा काढतोय, मला आता सगळं स्पष्ट दिसतंय, तर बायको किंवा मित्र म्हणेल आधी झोप, आणि बॉट कदाचित धंद्याचा प्लॅन करून देईल. संशयाचा आजार असलेल्या माणसाला "हो, तुझं वाटणं समजू शकतो" हे वाक्य पुराव्यासारखं लागतं. २०२३ मधे अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेचा टेसा नावाचा बॉट पेशंटना वजन कमी करायचे सल्ले देताना सापडला, बंद करावा लागला. दुसरी बाजू अशी की २०२५ मधे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या लोकांनी खास उपचारासाठी बनवलेल्या थेराबॉटची २१० जणांवर चाचणी घेतली आणि डिप्रेशन, चिंता यात चांगली घट दिसली, फक्त त्या चाचणीत संभाषणावर माणसांचं लक्ष होतं. त्याच वर्षी तिथल्याच इलिनॉय राज्याने कायदा करून एआयने थेरपी देण्यावर बंदी घातली. माझ्यापुरतं सांगायचं तर झोप येत नाही, परीक्षेचं टेन्शन आहे, उद्याच्या भांडणात काय बोलायचं ते सुचत नाहीये, इथपर्यंत ठीक. निदान, औषधाचा डोस कमी-जास्त करणं, आणि मरायचे विचार, या तिन्हीला बॉट नको.

माहितीचं काय होतं हे ऐकून थोडं घाबरायला होईल. फिनलंडमधे वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती, तिचा डेटा चोरीला गेला, आणि २०२० मधे चोराने पेशंटनाच मेल पाठवून पैसे मागितले, द्या नाहीतर तुमच्या थेरपिस्टच्या नोंदी जगाला दाखवतो. सुमारे ३३ हजार माणसं. कंपनी नंतर बुडाली. अमेरिकेतली बेटरहेल्प तर हॅक वगैरे झालीच नव्हती, लोकांनी भरलेल्या प्रश्नावलीची माहिती आणि ईमेल तिने जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना दिल्याचं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने म्हटलं आणि २०२३ मधे ७८ लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ आहे, उपचार करणाऱ्यांना तुमची माहिती गुप्त ठेवावीच लागते, आणि कलम २५ प्रमाणे तुमची स्वतःची फाईल बघायचा हक्क तुम्हाला आहे. पण ध्यानाचं किंवा मूडचं अ‍ॅप स्वतःला वेलनेस म्हणवतं, दवाखाना म्हणवत नाही, ही पळवाट लक्षात ठेवा. वेगळा ईमेल वापरा, कॉन्टॅक्ट आणि लोकेशन मागितलं तर नाही म्हणा, नकोसं झालं तर नुसतं अ‍ॅप न काढता आधी अकाउंट डिलीट करा. कंपनीने फुकट दिलेलं अ‍ॅप असेल तर एचआरला काय दिसतं हे लेखी विचारा. आभा नंबरला (सरकारी डिजिटल हेल्थ ओळख क्रमांक) मानसोपचाराचे कागद जोडायचे की नाही, कुणाला दाखवायचे, हे तुमच्या संमतीवर आहे, दवाखान्यात भरती करताना काउंटरवर कुणी घाईने ओटीपी मागितला तरी. आणि हॅकर वगैरे दूर राहिले, आमच्या ओळखीत गळती कायम एकाच जागी झालीये, कुणीतरी प्रिस्क्रिप्शनचा फोटो "ही गोळी कुठे मिळेल" म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकतं.

आत्ता, या क्षणी जीव द्यायचे विचार येत असतील किंवा घरात कुणाला येत असतील तर अ‍ॅप, बॉट, अपॉइंटमेंट सगळं बाजूला. १४४१६ लावा, ११२ किंवा १०८ लावा, जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या, माणसाला एकटं सोडू नका. शेतावरचं कीटकनाशक घरात असेल तर कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी, गोळ्यांची महिन्याची पाकिटं दुसऱ्या कुणाच्या ताब्यात. पोलीस केसच्या भीतीने लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात, तर २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरूनच चालायचं असतं, त्याला शिक्षा करायची नसते, त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम असतं.

राहता राहिले पैसे. याच कायद्याच्या कलम २१ मधे विमा कंपन्यांना सांगितलंय की शरीराच्या आजाराला जसा विमा देता तसाच मनाच्या आजाराला द्या. पण पॉलिसी बहुतेक वेळा दाखल झाल्यावरचा खर्च देते, आणि व्हिडिओवरची भेट ही ओपीडी धरली जाते, म्हणून तुमच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का आणि त्यात टेलीकन्सल्टेशन येतं का हे दोन वेगवेगळे प्रश्न एजंटला विचारा. येत असेल तर प्रत्येक भेटीचं बिल आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेलं प्रिस्क्रिप्शन, दोन्हीच्या पीडीएफ मेलवर ठेवा, अ‍ॅपमधे राहू देऊ नका, कारण अ‍ॅप बंद पडलं की आतले कागद परत काढताना नाकी नऊ येतात.